ज्येष्ठेच्या परिसरातील छायाचित्रांत तिरप्या रेघा, आडवे पट्टे आणि रंगीत नॉइज

प्रश्न (परतवाडा परिसर)

नमस्कार. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वावरातून मी आकाशाची छायाचित्रे काढतो. येथे अंधार चांगला आहे. अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतो, त्यामुळे छायाचित्रांतील दोषांचे खापर शहराच्या उजेडावर फोडता येत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न थोडा सविस्तर मांडत आहे.

कॅमेरा अठरा मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर असून त्याच्या सेन्सरवरील पिक्सेल ४.३ मायक्रॉनचे आहेत. लेन्स १३५ मिमीची आहे आणि ती मी एफ/२.८ वर ठेवतो. ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारे यंत्र, एकाच अक्षावर फिरणारा आहे, गाइडिंगची (तारा पाहून दिशा आपोआप दुरुस्त करण्याची) सोय नाही. ध्रुवतारा ट्रॅकरच्या ध्रुवदर्शकात मधोमध आणून मी तिपाई पक्की करतो. एप्रिलच्या अमावास्येला मध्यरात्रीनंतर ज्येष्ठा तारा आणि त्याच्या शेजारचा रो ऑफियुकीचा धूलिमेघांचा प्रदेश टिपला. प्रत्येकी ६० सेकंदांच्या ९० फ्रेम, आयएसओ १६००, सर्व रॉ स्वरूपात. मधल्या काही सेकंदांच्या विरामांसह एकूण ९५ मिनिटे लागली. त्या वेळी वावरात तापमान २८ अंशांच्या आसपास होते. डार्क फ्रेम (लेन्सवर झाकण लावून घेतलेल्या, छायाचित्रांतून वजा करायच्या फ्रेम) जानेवारीत काढलेल्या आहेत, तेव्हा रात्री १२ अंश तापमान होते. स्टॅकिंग, म्हणजे सर्व फ्रेम एकमेकांवर बसवून एक चित्र करणे, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये साध्या सरासरीने केले.

कॅमेऱ्याला वीज डमी बॅटरीतून (बॅटरीच्या जागी बसणाऱ्या, तारेने बाहेर जोडलेल्या खोक्यातून) मिळते. ती एका कन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेली असते, आणि याच बॅटरीवर रानडुकरे व रोही यांच्यापासून संत्र्याच्या नव्या लागवडीचे रक्षण करणारे कुंपणाचे झटका मशीनही चालते.

दोष असे आहेत. अंतिम चित्रावर सर्वत्र बारीक, समांतर, तिरप्या रेघा दिसतात, जणू ओल्या रंगावरून कोणी खराटा फिरवला आहे. त्या लाल, निळ्या आणि हिरव्या असून प्रत्येकीची लांबी सुमारे ११० पिक्सेल भरते. एकेकटी फ्रेम उघडली तर त्या दिसत नाहीत. दुसरा दोष आडव्या पट्ट्यांचा. ते मात्र एकेका फ्रेममध्येही दिसतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्यांची जागा वेगळी असते. तिसरे म्हणजे अंधाऱ्या भागात रंगीत ठिपक्यांचा खच पडलेला आहे, जो जानेवारीतील मृग नक्षत्राच्या छायाचित्रांत जवळजवळ नव्हता. मृगाच्या त्या छायाचित्रांत वेगळीच गोष्ट आहे. पट्ट्यातील तीन तारे आणि खालचा तेजोमेघ यांच्या मधल्या भागात काही आखूड, सारख्या लांबीच्या, पूर्व-पश्चिम रेघा आहेत.

नॉइज (चित्रातील नको असलेली खरखर) कमी करण्याचे साधन जोरात चालवले की रेघा पुसट होतात, पण त्यांच्याबरोबर धूलिमेघांचे बारकावेही जातात. मूळ कारणे कशी शोधावीत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर (वर्धा)

नमस्कार. आपले वर्णन इतके नेमके आहे की निदान बरेचसे त्यातूनच होते. हे चार दोष वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले दिसतात, त्यामुळे सर्वांवर एकच औषध चालणार नाही. कोणतीही रेघ पुसण्याआधी ती कशाला चिकटलेली आहे हे पाहावे: सेन्सरला, आकाशाला की विजेला? कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती नव्वद अंशांत फिरवून त्याच ताऱ्यांची पुन्हा एक फ्रेम घेतली, तर सेन्सरची रेघ चौकटीत होती तेथेच राहते आणि आकाशातील रेघ ताऱ्यांबरोबर वळते. लेन्सवर झाकण असतानाही जी रेघ येते आणि दर वेळी जागा बदलते, तिच्यासाठी विजेकडे पाहावे.

मी केवळ तिरप्या रेघांबद्दल लिहितो, कारण त्यांचा हिशेब आपल्याच आकड्यांवरून मांडता येतो. इंग्रजी मंचांवर याला ‘वॉकिंग नॉइज’ म्हणतात. प्रत्येक सेन्सरवर काही पिक्सेल कायम इतरांपेक्षा उजळ किंवा मंद असतात, आणि ते आपली जागा कधीच बदलत नाहीत. ट्रॅकिंग बिनचूक नसेल तर तारे सेन्सरवर हळूहळू एका दिशेने सरकतात. स्टॅकिंगच्या वेळी सॉफ्टवेअर तारे एकमेकांवर बसवते, म्हणजे सर्व फ्रेम उलट दिशेने सरकवते, आणि त्या खेचाखेचीत जागेवर बसलेला उजळ पिक्सेल ताऱ्यांच्या संदर्भात चालत जातो. नव्वद फ्रेममधील त्याची नव्वद पावले मिळून एक रेघ होते. ती एकेकट्या फ्रेममध्ये का दिसत नाही, याचे उत्तर हेच. खात्री करायची असल्यास सिरिलमध्ये फ्रेम जुळवून झाल्यावर स्टॅक न करता त्या एकामागून एक पाहाव्यात. तारे स्थिर दिसतील आणि रंगीत ठिपके एका रांगेत सरकताना दिसतील.

आता लांबी पाहू. ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १३५ मिमीची लेन्स असताना एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे ६.६ विकलांचा तुकडा येतो (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). ११० पिक्सेल म्हणजे सव्वासातशे विकला. ९५ मिनिटांत एवढे सरकणे झाले, म्हणजे मिनिटाला साधारण ७.६ विकला. ट्रॅकरचा अक्ष खऱ्या ध्रुवापासून जितक्या कला चुकलेला असेल, त्या आकड्याला ०.२६ ने गुणले की मिनिटाला होणारे जास्तीत जास्त सरकणे विकलांमध्ये मिळते. उलट गणित केल्यास आपला अक्ष किमान २९ कला, म्हणजे जवळजवळ अर्धा अंश, चुकलेला निघतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या सुमारे ३७ कला दूर आहे. आपण तो मधोमध ठेवता असे लिहिले आहे, आणि दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. ध्रुवदर्शकातील वर्तुळावर त्या वेळेनुसार ध्रुवताऱ्याची जागा ठरलेली असते. फोनवरील कोणतेही ध्रुव-संरेखनाचे अॅप ती दाखवते. तारा त्या जागेवर ठेवावा.

विदर्भातून ध्रुवतारा क्षितिजापासून केवळ २० ते २१ अंश उंच असतो. त्या उंचीवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत पावणेतीन पट हवेतून येतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत धुऱ्यांवर पेटवलेला काडीकचरा व जंगलातील वणवे यांचा धूर नेमका याच थरात साचतो. म्हणून संध्याकाळी घाई करू नये. धूर खाली बसला की संरेखन पुन्हा एकदा तपासावे. रात्रभरात तिपाईचा पाय काळ्या मातीत किंचित खचतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या वावरात तर हे हमखास होते. तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवणे उपयोगी पडते.

संरेखन सुधारल्याने रेघा आखूड होतील, पण मूळ उपाय डिदरिंग हाच आहे. काही फ्रेमनंतर कॅमेऱ्याची दिशा मुद्दाम दहा-पंधरा पिक्सेलने हलवायची, आणि दर वेळी वेगळ्या अंतराने. मग उजळ पिक्सेल ओळीने न चालता विखुरतात, आणि सिग्मा क्लिपिंगला (इतर फ्रेमपेक्षा फार वेगळे आकडे वगळून सरासरी काढण्याच्या पद्धतीला) ते वेचून टाकता येतात. साध्या सरासरीत वेचण्याची सोयच नसते, तेव्हा ती पद्धत बदलावी. गाइडिंग नसले तरी डिदरिंग करता येते. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात ट्रॅकर पाच सेकंद थांबवला तर आकाश ७५ विकला पुढे जाते, म्हणजे सुमारे ११ पिक्सेल. ज्येष्ठेच्या दक्षिण क्रांतीमुळे (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या दक्षिणेकडील अंतरामुळे) हा आकडा दहाच्या आसपास येईल. कधी तीन सेकंद, कधी आठ सेकंद असे अंतर बदलत राहावे. ट्रॅकर पुन्हा सुरू केल्यावर गिअरमधील ढिलाई भरून निघेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबून मगच पुढची फ्रेम घ्यावी. क्रांतीच्या दिशेने हलवण्यासाठी ब्रॅकेटचा सूक्ष्म स्क्रू अधूनमधून थोडासा फिरवला तरी पुरतो. चार-पाच फ्रेमला एकदा, एवढे माझ्या मते पुरेसे आहे.

उत्तर (चंद्रपूर)

वर्ध्याच्या सदस्यांनी सांगितलेले निदान मला पूर्ण मान्य आहे. त्याला उष्णतेची जोड द्यावी लागेल, कारण ज्या पिक्सेलांच्या रेघा झाल्या ते एवढ्या संख्येने उजळले कसे, हा प्रश्न उरतो. रंगीत ठिपक्यांचे उत्तरही तेथेच आहे.

सेन्सरवर प्रकाश पडला नाही तरी उष्णतेमुळे त्यात इलेक्ट्रॉन साचत राहतात. हा डार्क करंट तापमान साधारण सहा अंशांनी वाढले की दुप्पट होतो. आपले जानेवारीचे तापमान १२ आणि एप्रिलचे २८. सोळा अंशांच्या या फरकाने डार्क करंट सहापटीहून अधिक होतो, आणि त्यातील अनिश्चितता, म्हणजे प्रत्यक्ष नॉइज, अडीचपट होते. जानेवारीच्या डार्क फ्रेममध्ये उष्णतेने उजळणारे हे हॉट पिक्सेल मंद आहेत, कित्येक तर दिसतही नसतील. त्या फ्रेम एप्रिलच्या छायाचित्रांतून वजा केल्याने एप्रिलचा बहुतेक कचरा जसाच्या तसा मागे राहतो. आम्हा चंद्रपूरकरांना मे महिन्यात मध्यरात्रीही तिशीच्या खाली न उतरणाऱ्या पाऱ्याची सवय आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो की थंड हवेच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी लिहिलेल्या सूचना आपल्याकडच्या उन्हाळ्याला तशाच लागू करू नयेत.

आपल्या नव्वद फ्रेम वाया गेलेल्या नाहीत. डार्क फ्रेम त्याच रात्री काढल्या पाहिजेत असा नियम नाही. तापमान, आयएसओ आणि एक्सपोजर हे तीन जुळले पाहिजेत. रात्री पारा पुन्हा २८ च्या आसपास असेल तेव्हा लेन्सवर झाकण लावून ६० सेकंदांच्या, आयएसओ १६०० च्या तीस-चाळीस फ्रेम सलग घ्याव्यात. सुरुवातीच्या काही फ्रेम सोडून द्याव्यात, कारण सलग चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा वर जाते आणि स्थिर व्हायला वेळ घेते. अनेक कॅमेरे प्रत्येक छायाचित्राच्या माहितीत आतील तापमान नोंदवतात. आपला कॅमेरा नोंदवत असेल तर हवेच्या तापमानापेक्षा तो आकडा जुळवावा. व्ह्यूफाइंडरवर झाकण किंवा काळी टेप अवश्य लावावी. डीएसएलआरमध्ये तेथून शिरणारा प्रकाश लांब एक्सपोजरच्या डार्क फ्रेममध्ये उतरू शकतो, आणि मग डार्कच दोषाचे कारण होते.

कॅमेऱ्यातील ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ बंद असू द्यावे. ते प्रत्येक छायाचित्रानंतर तेवढ्याच वेळाची एक डार्क स्वतः घेते, म्हणजे अर्धी रात्र झाकलेल्या शटरमागे जाते, आणि एकाच डार्कच्या वजाबाकीने त्या डार्कमधील नॉइजही चित्रात मिसळतो. लाइव्ह व्ह्यू फोकस करण्यापुरता वापरून बंद करावा. पडदा बाहेर वळत असेल तर तो कॅमेऱ्याच्या पाठीपासून दूर ठेवावा. एवढे करूनही एप्रिलचे चित्र जानेवारीइतके स्वच्छ येणार नाही. सरासरीत नॉइज अर्धा करायला चौपट वेळ द्यावा लागतो, तेव्हा उन्हाळ्यात एकच लक्ष्य धरून दोन-तीन रात्रींच्या फ्रेम एकत्र कराव्यात. आपल्या अक्षांशावरून ज्येष्ठा बेचाळीस अंशांपर्यंत वर येते. युरोपातील छायाचित्रकारांना ती क्षितिजालगतच्या धुकटात शोधावी लागते, त्यामुळे आपल्याकडून त्या प्रदेशाला जास्त वेळ देणे सार्थकी लागते.

उत्तर (अमरावती)

डार्क फ्रेमबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या कॅमेऱ्यात शीतकरणाची सोय नाही, त्याचे आतील तापमान रात्रभर बदलत असते. रात्री बाराला एक, पहाटे तीनला दुसरे. कोणतीही एक मास्टर डार्क (अनेक डार्क एकत्र करून केलेली एक) त्या सर्व फ्रेमना जुळत नाही, आणि न जुळणारी डार्क स्वतःचा ठसा मागे सोडते. डिदरिंग भरपूर केले आणि फ्रेमची संख्या मोठी असली, तर बायस (झाकण लावून अगदी कमी वेळाची फ्रेम) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची फ्रेम) एवढ्यांवर काम भागते, आणि डार्कसाठी लागणारा वेळ आकाशाकडे देता येतो. मी अनेक वर्षे असेच करतो. मात्र आपल्या एप्रिलच्या फ्रेममध्ये डिदरिंग नसल्याने त्यांच्यासाठी चंद्रपूरच्या सदस्यांचाच मार्ग योग्य आहे. सिरिलमध्ये त्या मास्टर डार्कवरून हॉट पिक्सेल ओळखून ते दुरुस्त करण्याची सोय आहे. ती रंग वेगळे करण्याआधी, म्हणजे डीबेअर करण्यापूर्वी, वापरली तरच नीट चालते. नंतर वापरल्यास एका पिक्सेलचा दोष शेजाऱ्यांत पसरलेला असतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे २८ अंशांच्या रात्री नव्या डार्क घेतल्या, व्ह्यूफाइंडर झाकला, हॉट पिक्सेलची दुरुस्ती डीबेअरच्या आधी केली आणि सरासरीऐवजी सिग्मा क्लिपिंग निवडले. रंगीत ठिपके बहुतांश गेले. तिरप्या रेघा पूर्ण गेल्या नसल्या तरी आता चित्राचा उजेड फार ताणून पाहिल्याखेरीज दिसत नाहीत. जुळवलेल्या फ्रेम एकामागून एक पाहिल्यावर ठिपक्यांची रांग खरोखरच चालताना दिसली, त्यामुळे कारणाबद्दल शंका उरली नाही.

आडवे पट्टे मात्र तसेच आहेत. झाकण लावून १/४००० सेकंदाच्या बायस फ्रेम घेतल्या, तर त्यांतही पट्टे दिसतात. झटका मशीन यास कारणीभूत असेल का? मध्यरात्रीनंतर शेजारच्या विहिरीवरील थ्री-फेज पंपही सुरू होतो, त्यामुळे नेमका संशय कोणावर घ्यावा हे कळत नाही. मृगातील आखूड रेघांबद्दलही कोणी सांगितल्यास बरे होईल.

उत्तर (अकोला)

माझे काम विजेच्या उपकरणांचे आहे, म्हणून या भागापुरते लिहितो. झाकण लावलेल्या बायसमध्ये पट्टे येतात, म्हणजे आकाश आणि ट्रॅकर दोघेही निर्दोष. उरतात सेन्सरमधून माहिती वाचणारे सर्किट आणि त्याला मिळणारी वीज.

सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो. एखादी ओळ वाचली जात असताना पुरवठ्याचे व्होल्टेज किंचित हलले, तर ती संपूर्ण ओळ थोडी उजळ किंवा मंद नोंदली जाते, आणि म्हणून हा दोष आडवा दिसतो. पट्ट्यांची मांडणी पाहून कारणाचा अंदाज येतो. आपला कॅमेरा सेकंदाला तीन-चार छायाचित्रे घेऊ शकत असेल, तर पूर्ण सेन्सर वाचायला त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी वेळ लागतो. झटका मशीनचा स्पंद साधारण सेकंदाला एकदा येतो आणि काही सहस्रांश सेकंदांतच संपतो. तारेवरून हवेत पसरणाऱ्या त्या स्पंदाचा परिणाम झालाच, तर तीन-चार फ्रेमपैकी एखादीतच आणि मोजक्या ओळींवर दिसेल. घरगुती विजेची ५० हर्ट्झची लहर घुसली असेल तर पट्टे समान अंतरावर, मोजता येतील असे येतात. शेजारचा पंप आपल्या पुरवठ्याशी कोठेही जोडलेला नसल्याने त्याच्यावरचा संशय मी मागे ठेवतो.

माझा संशय सामाईक बॅटरीवर आहे. झटका मशीन दोन स्पंदांच्या मधल्या काळात बॅटरीतून प्रवाह ओढून आतील कपॅसिटर भरत असते, आणि हा प्रवाह एकसारखा नसतो. त्यामुळे बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज सतत खालीवर होते. स्वस्त कन्व्हर्टर ते पूर्ण गाळू शकत नाही, शिवाय त्याचे स्वतःचे जलद स्विचिंग त्यात भर घालते. हे पारखण्यासाठी एकाच बैठकीत बायस फ्रेमचे चार गट घ्यावेत: पहिला कॅमेऱ्याच्या स्वतःच्या बॅटरीवर, मशीन बंद ठेवून; दुसरा त्याच बॅटरीवर, पण मशीन सुरू करून; तिसरा कन्व्हर्टरवर, मशीन बंद असताना; आणि चौथा आपल्या नेहमीच्या जोडणीत. पहिल्या दोन गटांत फरक नसेल तर हवेतून येणारा त्रास नगण्य आहे. तिसऱ्यात पट्टे वाढले तर कन्व्हर्टर, चौथ्यात आणखी वाढले तर सामाईक बॅटरी. पहिल्या गटातही काही पट्टे उरतील. तेवढे त्या कॅमेऱ्याचे अंगभूत समजावेत. त्यांपैकी जागा न बदलणारे मास्टर बायसने वजा होतात. जागा बदलणाऱ्यांसाठी फ्रेमची संख्या वाढवणे आणि शेवटी सिरिलमधील पट्टे कमी करण्याचे साधन हलक्या हाताने वापरणे, एवढेच हातात राहते.

पट्टे कशामुळेही असोत, कॅमेरा त्या बॅटरीवरून तत्काळ काढावा. झटका मशीनचे एक टोक जमिनीत गाडलेले असते आणि दुसऱ्यावर काही हजार व्होल्टचे स्पंद असतात. मशीनमध्ये बिघाड झाला तर कॅमेरा आणि त्याला हात लावणारा माणूस दोघेही त्या वाटेत येतात. फवारणी पंपाची १२ व्होल्टची सुटी बॅटरी कॅमेऱ्यासाठी वेगळी ठेवली तर खर्चही होत नाही. रात्री वावरांतून फिरणाऱ्या सर्वांना आणखी एक विनंती. काही ठिकाणी कुंपणात थेट लाइनचा प्रवाह सोडला जातो. ते बेकायदेशीर आहे आणि त्याने आपल्या भागात माणसे, जनावरे व वाघही मेले आहेत. अनोळखी वावरात तिपाई लावण्याआधी दिवसा मालकाला भेटावे आणि कुंपणाची माहिती घ्यावी.

उत्तर (गोंदिया)

मृगातील आखूड रेघांचे कारण जवळजवळ निश्चित सांगता येते. त्या भूस्थिर उपग्रहांच्या रेघा आहेत. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतात आणि आपल्याला आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्याने त्यांचा पट्टा आपल्याला खगोलीय विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला, सुमारे उणे साडेतीन अंश क्रांतीवर दिसतो. मृगाच्या पट्ट्यातील तारे उणे दोन अंशांच्या आत आहेत आणि तेजोमेघ उणे साडेपाचच्या जवळ आहे. उपग्रहांचा पट्टा त्यांच्या बरोबर मधून जातो, आणि आपण सांगितलेली जागाही तीच आहे.

ट्रॅकर ताऱ्यांबरोबर फिरतो आणि उपग्रह जमिनीच्या संदर्भात स्थिर असतो, म्हणून चित्रात उपग्रह सेकंदाला १५ विकला या वेगाने सरकतो. ६० सेकंदांत ९०० विकला म्हणजे आपल्या चित्रात सुमारे १३७ पिक्सेल. रेघांची लांबी मोजून पाहावी. एवढी भरली तर दुसरे कारण शोधू नये. पुढच्या फ्रेममधील रेघ आधीची जेथे संपली तेथून किंचित अंतर सोडून सुरू होईल. भारताचे इन्सॅट आणि जीसॅट मालिकांतील उपग्रह ७४, ८३ आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशांवर ठेवलेले आहेत, आणि विदर्भ ७६ ते ८१ अंशांच्या दरम्यान असल्याने ते आपल्या दक्षिण आकाशात बरेच उंच दिसतात. गावातील घरांवरच्या डिश त्याच पट्ट्याकडे वळवलेल्या असतात. एकाच जागी दोन-तीन उपग्रह शेजारी ठेवलेले असल्याने समांतर रेघांच्या जोड्याही सापडतात.

ज्येष्ठेच्या चित्रात ते येणार नाहीत, कारण तिची क्रांती उणे २६ अंश आहे. तेथे संध्याकाळी व पहाटे खालच्या कक्षेतील उपग्रहांच्या लांब रेघा येऊ शकतात. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह डोक्यावर असेल तर सूर्य क्षितिजाखाली सुमारे २३ अंश जाईपर्यंत, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण पावणेदोन तास, तो उजळतो. मध्यरात्रीच्या आपल्या फ्रेम यातून बहुतांश सुटतात. दोन्ही प्रकारच्या रेघांवर सिग्मा क्लिपिंग पुरते, कारण कोणत्याही एका पिक्सेलवर उपग्रह एखाद-दुसऱ्या फ्रेममध्येच येतो. जानेवारीच्या फ्रेम त्या पद्धतीने पुन्हा स्टॅक कराव्यात. नव्याने काही टिपण्याची गरज नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मृगाच्या फ्रेममधील रेघा मोजल्या. सर्वांची लांबी १३५ ते १३८ पिक्सेलच्या दरम्यान भरली, आणि एका ठिकाणी दोन समांतर रेघाही सापडल्या. सिग्मा क्लिपिंगने त्या सर्व गेल्या.

बायसचे चारही गट घेतले. पहिल्या दोन गटांत नजरेला फरक दिसला नाही. तिसऱ्यात पट्टे किंचित वाढले, आणि चौथ्यात ते एप्रिलच्या फ्रेमइतकेच ठळक आले. म्हणजे मुख्य दोष सामाईक बॅटरीचा आणि थोडा कन्व्हर्टरचा निघाला. फवारणी पंपाची बॅटरी कॅमेऱ्यासाठी वेगळी केली आहे. पहिल्या गटात उरलेल्या पट्ट्यांपैकी दोन प्रत्येक फ्रेममध्ये त्याच ओळींवर येतात, ते मास्टर बायसने वजा झाले.

मे महिन्याच्या अमावास्येला ध्रुवतारा वर्तुळावरील त्याच्या जागी ठेवून आणि दर पाचव्या फ्रेमनंतर ट्रॅकर वेगवेगळ्या सेकंदांसाठी थांबवून ज्येष्ठेचा प्रदेश पुन्हा टिपणार आहे. त्याच रात्री डार्कही घेईन, म्हणजे अमरावतीच्या सदस्यांनी मांडलेला मुद्दा डार्कसह आणि डार्कविना असे दोन्ही स्टॅक शेजारी ठेवून पाहता येईल. दोन्ही चित्रे कोणताही नॉइज कमी न करता येथे देईन.